बदलाचे शास्त्र : शिकणारे आणि सोसणारे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी एखादा विषय सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय दिला तो एका पदवीचा. नोकरी करणाऱ्या माणसांनी नोकरी न सोडता, अर्धवेळ शिकून मिळवायची ही एम.ए.च्या दर्जाची पदवी, आणि तिचा विषय 'ऑर्गनायझेशनल चेंज'. चालक जरा गोंधळले. स्वतः महाविद्यालयाची पायरी न चढलेला माणूस पदव्युत्तर अभ्यासक्रमावर तासभर काय बोलणार, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. सभ्यपणामुळे त्यांनी तो तोंडाने विचारला नाही. त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. ज्या गोष्टीचे हे शास्त्र आहे, ती गोष्ट मी गेली तीस वर्षे पाहत आलो आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. नाल कशी ठोकावी ह्याचे शिक्षण नालबंदाला असते हे खरे. परंतु त्या विषयात घोड्यालाही काही ठाऊक असते, एवढे आपण मान्य कराल.

ह्या विषयाला मराठीत 'संघटनात्मक परिवर्तन' म्हणतात. मी एकदा हे शब्द गेटसभेत उच्चारले, तर एका कामगाराने विचारले, "म्हणजे आपल्या कमिटीची निवडणूक लागली काय?" कारण कामगाराच्या तोंडी संघटना म्हणजे युनियन. कारखान्याला तो कारखाना म्हणतो, कंपनीला कंपनी. तेव्हा मी आज साधे शब्द वापरणार आहे. कारखाना, बँक, इस्पितळ, सरकारी खाते, अशा कोणत्याही ठिकाणी दहा-पाचशे माणसे एका रीतीने काम करीत असतात. ती रीत बदलायची कशी, बदलताना माणसे का अडतात, का रुसतात, का सोडून जातात, आणि बदल टिकतो केव्हा, ह्याचा अभ्यास म्हणजे हा विषय. विषय खरा आहे, मोठा आहे, आणि मी त्याची टिंगल करायला उभा नाही.

अशा अभ्यासक्रमांची रचना साधारण सारखी असते. दोन वर्षांची मुदत. वर्ग शनिवार-रविवारी, किंवा दोन-तीन महिन्यांनी एकदा आठवडाभर एकत्र राहून. प्रवेशाला पदवी हवी आणि काही वर्षांचा अनुभव हवा. अनुभव बहुधा व्यवस्थापनाचा धरतात. शुल्काचा आकडा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लाखांत असतो, आणि पुष्कळदा तो विद्यार्थ्याच्या वतीने त्याची कंपनी भरते. गटात माणसे कशी वागतात, सल्लागाराने कसे वागावे, स्वतःकडे कसे पाहावे, असे विषय असतात. आणि शेवटी एक प्रबंध. तो बहुधा आपण जिथे नोकरी करतो तिथेच एखादा बदल हाती घेऊन, त्याच्यात भाग घेऊन, त्याच्यावर लिहायचा असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेपरडाइन विद्यापीठाने १९७५ च्या सुमारास नोकरदार माणसांसाठी अशी पदवी सुरू केली. पुढे इंग्लंडात आणि आपल्याकडेही तसे अभ्यासक्रम निघाले.

नोकरी सांभाळून शिकणे ही काही नवी गोष्ट नव्हे. लंडनमध्ये जॉर्ज बर्कबेक ह्या डॉक्टराने १८२३ साली कारागिरांसाठी संस्था काढली. तिचेच पुढे बर्कबेक कॉलेज झाले आणि संध्याकाळी शिकवण्याची तिची परंपरा आजही चालू आहे. जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८५५ साली कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. तिथे दिवसभर अंग मोडून आलेली माणसे बसत. शाळेची वेळ त्यांच्या दिवसावरून ठरली होती. आजच्या ह्या पदवीची वेळ कोणाचा दिवस पाहून ठरली आहे? शनिवार-रविवार सुटी कोणाला असते? आपल्या अनेक औद्योगिक वसाहतींत आठवड्याची सुटी रविवारी नसतेच. पिंपरी-चिंचवडकडे ती गुरुवारी असते. शिवाय पाळी. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीहून सकाळी आठ वाजता घरी आलेला माणूस दहाला वर्गात बसला, तर तो झोपेल. आणि त्यात त्याचा दोष नाही. अर्धवेळ ह्या शब्दात उरलेला अर्धा वेळ आपल्या ताब्यात आहे असे गृहीत धरलेले असते. ज्याची पाळी दुसरा कोणी लावतो, त्याचा कोणताच अर्धा त्याच्या ताब्यात नसतो.

पण ही वेळेची अडचण झाली, आणि वेळेच्या अडचणीवर तोड निघते. माझे मुख्य म्हणणे निराळे आहे. हे शास्त्र जिथे जन्मले, तिथे ज्यांच्यावर बदल व्हायचा ती माणसे खोलीत हजर होती. पुढे केव्हातरी ती खोलीबाहेर गेली. हे मी पदरचे सांगत नाही. ह्या विषयाच्या पुस्तकांतूनच सांगतो.

कुर्ट लेविन हे ह्या शास्त्रातले मोठे नाव. जर्मनीतला हा ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ साली हिटलरमुळे अमेरिकेत गेला. बदलाच्या तीन पायऱ्या त्याने सांगितल्या : आधी गोठलेले वितळवायचे, मग हलवायचे, मग पुन्हा गोठू द्यायचे. आमच्या फाउंड्रीतल्या माणसाला हे सांगायला प्राध्यापक नको, पण ते असो. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन ह्या गावी लेविनने शिक्षक, समाजसेवक वगैरे मंडळींचे एक शिबिर घेतले. निरनिराळ्या वंशांच्या लोकांत सलोखा कसा वाढवावा हा विषय. दिवसा मंडळी चर्चा करीत. निरीक्षक टिपणे घेत. आणि रात्री निरीक्षक व प्राध्यापक एकत्र बसून दिवसा कोण कसे वागले ह्याचा ऊहापोह करीत. एका रात्री शिबिरातली काही माणसे तिथे येऊन बसली. आपल्याविषयी जे वाचले जात होते ते ऐकून त्यांच्यातल्या एका बाईने सांगितले की, हे असे घडलेच नाही. लेविनच्या सहकाऱ्यांना अवघडल्यासारखे झाले. लेविनला मात्र आनंद झाला. पुढच्या रात्रींना हळूहळू सारेच शिबिरार्थी येऊ लागले, आणि दिवसाच्या वर्गापेक्षा रात्रीच्या त्या बैठकीत शिकणे अधिक होऊ लागले. पुढच्या फेब्रुवारीत लेविन वारला, परंतु त्याच वर्षी, १९४७ साली, मेन राज्यात बेथेल येथे त्याच्या सहकाऱ्यांनी जे प्रशिक्षण केंद्र काढले, ते ह्या रात्रीच्या बैठकीतून निघाले. ज्याच्याविषयी लिहिले जात आहे त्याने उठून "हे असे नाही" म्हणणे, ही ह्या विद्येची पहिली ओवी आहे.

दुसरी गोष्ट व्हर्जिनियातील मॅरियन गावच्या हारवुड कंपनीची. पायजमे शिवण्याचा कारखाना. शिवणाऱ्या बहुतेक बायका. काम वरचेवर बदले आणि बदलले की उत्पादन घसरे, बायका नोकरी सोडत. १९४८ साली कॉच आणि फ्रेंच ह्या दोघांनी त्यावरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला नवी पद्धत सांगून टाकली आणि आजपासून असे करा म्हटले. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून त्यांच्यामार्फत पद्धत ठरवली. आणखी दोन गटांत सगळ्याच बायकांनी बसून नव्या कामाची आखणी केली. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते घसरलेच. चाळीस दिवसांत शंभरातल्या सतराजणी नोकरी सोडून गेल्या. ज्या गटांत सगळ्या बसल्या होत्या ते लवकर सावरले आणि पूर्वीच्या उत्पादनाच्या सुमारे १४ टक्के पुढे गेले. तिथली एकही बाई सोडून गेली नाही.

हा प्रयोग ह्या अभ्यासक्रमांत अजून सांगतात आणि सांगावाच. परंतु मी युनियनचा माणूस, मला दोन गोष्टी टोचतात. त्या निबंधाचे नावच असे आहे की, बदलाला होणाऱ्या विरोधावर मात करणे. म्हणजे बदल बरोबर, विरोध हा अडथळा, हे आधीच ठरले. आणि दुसरे : पायजमा बदलायचा हे ठरवताना बायकांना कोणी विचारले नाही. तो कसा बदलायचा एवढेच विचारले. त्यातही एवढा फरक पडला हे विशेष. पण 'काय' आणि 'कसे' ह्यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने वाटाघाटीच्या टेबलाशी एकदा तरी रात्र काढली आहे त्याला विचारा.

आता मी ज्याच्यासाठी हा विषय घेतला त्या माणसाकडे येतो. त्याचे नाव केन बॅमफोर्थ. इंग्लंडात साउथ यॉर्कशायरच्या कोळसा खाणीत तो काम करी. प्रत्यक्ष कोळसा फोडतात त्या ठिकाणी त्याची अठरा वर्षे गेली होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची संस्था निघाली. तिने उद्योगधंद्यांचा अभ्यास करण्यासाठी सहा पदव्युत्तर शिष्यवृत्तीधारक घेतले. कोण घेतले पाहा : सहांतले तीन कामगार चळवळीतले. अर्धे! आज आपल्या देशात अशी एखादी तुकडी मला दाखवा, मी माझे भाषण परत घेतो. वर्ष झाल्यावर ह्या सहाजणांना सांगण्यात आले की, आपापल्या जुन्या धंद्यात एकदा परत जाऊन या आणि आता तुम्हाला नवे काय दिसते ते सांगा. बॅमफोर्थ आपल्या जुन्या खाणीत गेला.

त्याने जे पाहिले ते समजायला थोडी पूर्वपीठिका हवी. यंत्रे येण्यापूर्वी खाणीत दोन-चारजणांच्या जोड्या असत. जोडीदार आपला आपण निवडायचा. फोडणे, भरणे, वरच्या छताला टेकू देणे, सगळी कामे सगळ्यांना यायची. जोडीतला कोणी जखमी झाला, मेला, तर त्याच्या घरचे बाकीचे पाहत. मग यंत्र आणि वाहता पट्टा आला. लांबच लांब भिंत एकदम कापायची. एका पाळीने कापायचे, दुसऱ्या पाळीने पट्टा पुढे सरकवायचा, तिसऱ्या पाळीने भरायचे. तिन्ही पाळ्या मिळून चाळीसएक माणसे, प्रत्येकाला एकच काम आणि त्याचा दर निराळा. एका पाळीचे काम अपुरे राहिले की दुसऱ्या पाळीच्या डोक्यावर. अंधारात, जमिनीखाली, एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे एकमेकांना दोष देत; गैरहजेरी वाढली, कुरबुरी वाढल्या, आणि एवढे यंत्र आणूनही कोळसा अपेक्षेइतका निघेना. मालक म्हणत कामगार आळशी झाले. कामगार म्हणत मालक लोभी झाले. १ जानेवारी १९४७ ला खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, मालक बदलला, तरी ते दुखणे गेले नाही. आमच्यातले जे लोक राष्ट्रीयीकरण झाले की सगळे आपोआप सुरळीत होते असे समजत आले, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा ऐकावे.

बॅमफोर्थला त्याच्या खाणीच्या एका नव्या थरात काही निराळेच दिसले. तिथे छताला आधार देण्याची सुधारलेली पद्धत आल्यामुळे कामाची मांडणी बदलणे शक्य झाले होते, आणि ती बदलली होती खुद्द खाणकामगारांनी, त्यांच्या युनियनने आणि तिथल्या व्यवस्थापकाने मिळून. जुन्या जोड्यांची रीत त्यांनी नव्या यंत्रावर बसवली होती. एका टोळीने सगळे काम अंगावर घ्यायचे, कोणी कोणते काम करायचे ते टोळीने ठरवायचे, मुकादमाची देखरेख नाममात्र. अपघात कमी, गैरहजेरी कमी, कोळसा जास्त. बॅमफोर्थने परत येऊन हे एरिक ट्रिस्ट ह्या शास्त्रज्ञाला सांगितले. ट्रिस्ट त्याच्याबरोबर खाणीत उतरला. दोघांनी मिळून लांब भिंतीच्या त्या पद्धतीवर १९५१ साली 'ह्यूमन रिलेशन्स' ह्या नियतकालिकात जो निबंध लिहिला, तो ह्या शास्त्रातला एक पायाचा दगड आहे. यंत्राची रचना आणि माणसांची रचना ह्या दोन गोष्टी एकत्रच विचारात घ्यायला हव्यात, हा सिद्धांत तेथून निघाला.

विचार करा : लंडनच्या पंडितांना ही गोष्ट बॅमफोर्थशिवाय दिसली असती का? मला नाही वाटत. टेकू कुठे लावला आहे हे पाहून ही टोळी आपल्या अकलेने चालली आहे हे ओळखायला त्या अंधारात अठरा वर्षे काढावी लागतात. आणि बॅमफोर्थला तरी टॅव्हिस्टॉकशिवाय ती दिसली असती का? तेही नाही. तो तिथे पूर्वी रोज जातच होता. वर्षभर बाहेर राहून, वाचून, बोलून आल्यावर त्याला आपले जुने जग नवे दिसले. शिक्षणाचा उपयोग ह्याहून निराळा असतो असे मी समजत नाही. आता त्या कथेची दुसरी बाजू. कोळसा मंडळाच्या वरिष्ठांना ह्या प्रयोगाचा गाजावाजा नको होता. बाकीच्या खाणींतले लोकही असेच मागू लागले तर काय, ही भीती. म्हणजे विरोध खालूनच होतो असे नाही. पुस्तकांत वरच्या विरोधाला तेवढे वेगळे प्रकरण नसते.

हीच गोष्ट भारतातही आली, आणि फार लवकर आली. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवले होते. तरी कापड अपेक्षेइतके निघेना आणि खराबी वाढली. टॅव्हिस्टॉकचा ए. के. राइस १९५३ साली तिथे आला. त्याने पाहिले की, त्या मागांच्या दालनात कामाचे बारा प्रकार आहेत. विणकराकडे जितके माग, त्याहून निराळ्या संख्येचे माग बॉबिन भरणाऱ्याकडे, आणि तुटलेला ताणा सांधणाऱ्याकडे आणखी निराळ्या. त्यामुळे कोण कोणाबरोबर काम करतो ह्याचा पत्ताच नाही. प्रत्येकजण सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही. राइसने मुकादमांशी आणि कामगारांशी बोलताना एक कल्पना मांडली : ठरावीक मागांचा एक संच, आणि त्याला सातजणांची एक टोळी. ही कल्पना बाहेर पडली मात्र, आणि कामगारांनी ती हातोहात घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपापल्या टोळ्या बांधून आणल्या. साहेब अजून विचार करीत होते. पुढे काही महिन्यांत मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली आणि खराब कापड ३२ टक्क्यांवरून २० वर आले. राइसने १९५८ साली त्यावर पुस्तक लिहिले.

पण मला पुस्तकापुढची हकीकत जास्त महत्त्वाची वाटते. एरिक मिलर नावाचा त्याचा सहकारी १९७० साली पुन्हा तिथे गेला आणि सतरा वर्षांत काय राहिले ते त्याने पाहिले. एका दालनात टोळ्यांची पद्धत जवळजवळ तशीच टिकली होती. बाकीच्या ठिकाणी ती कमीअधिक विरून जुनी रीत परत आली होती. कल्पना एकच, गिरणी एकच. पण नव्या साहेबांनी नवी कापडे आणली, निराळे दडपण आणले, आणि टोळीला दिलेला अधिकार कोणी न सांगता थोडाथोडा परत घेतला गेला. लेखी करार असता तर काय झाले असते, हा प्रश्न मिलरच्या शास्त्राचा नव्हे, आमच्या शास्त्राचा आहे. आम्ही म्हणू, दिलेला अधिकार कागदावर आणा.

कागदाचा विषय निघाला म्हणून मुंबईची आठवण करून देतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत 'रॅशनलायझेशन' आले. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग पाहावेत, कताई खात्यातही एकाने दुप्पट काम पाहावे, आणि उरलेल्यांनी घरी जावे. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. संपाच्या पुढाऱ्यांत ना. म. जोशी होते, श्री. अ. डांगे होते, आणि मागण्या सतरा होत्या. त्यांत एक मागणी अशी होती की, कामगारांना बाधणारा कोणताही बदल मालकांनी कामगारांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय करू नये. आज ह्या पदवीच्या वर्गात 'सहभाग' म्हणून जे शिकवतात, ते त्या गिरणी कामगारांनी उपाशी पोटी मागितले होते. त्यांतल्या पुष्कळांना सहीसुद्धा येत नव्हती.

ती मागणी कायद्यात यायला वेळ लागला आणि आली ती अर्धीच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम ९-अ घालण्यात आले : नोकरीच्या अटींत बदल करायचा तर एकवीस दिवस आधी नोटीस द्यायची. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मालक, कामगार आणि सरकार ह्या तिघांनी मान्य केले की, नवी यंत्रे आणताना असलेल्या कामगाराची नोकरी जाऊ नये, मिळकत घटू नये, होणारा लाभ सर्वांत वाटला जावा, आणि कामाचा बोजा दोन्ही पक्षांना मान्य अशा तज्ज्ञाने मोजावा. तो जुना कायदा आता गेला. त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे, आणि बदलाची नोटीस तिच्यात कलम ४० मध्ये आहे. दिवसही एकवीसच आहेत. नोटीस म्हणजे सांगणे. विचारणे नव्हे. बदलाच्या पदवीच्या किती अभ्यासक्रमांत हे कलम शिकवतात, हे समोर बसलेल्या प्राध्यापकांनी मला नंतर सांगावे.

आता प्रबंधाविषयी थोडे, कारण प्रत्यक्षात दुखते ते इथे. एका कारखान्यातली हकीकत सांगतो; नाव सांगत नाही. प्रेस शॉपमध्ये डाय बदलायला फार वेळ लागे. तिथल्या चौघांनी भंगारातले अँगल जोडून एक घोडी बनवली होती. तिच्यावर डाय ठेवून सरकवली की वेळ जवळजवळ निम्मा होई, आणि कंबर वाचे. साहेबांना हे ठाऊक नव्हते. वाचलेल्या वेळात ती माणसे दोन मिनिटे बसत, चहा घेत. एक तरुण अधिकारी अशाच एका अर्धवेळ पदवीचा अभ्यास करीत होता. मुलगा चांगला होता, मनाने सरळ होता. कँटीनमध्ये तो आमच्या माणसांत येऊन जेवे, ऐके, टिपून घेई. हे फक्त अभ्यासासाठी आहे, असे त्याने सांगितले आणि त्याला ते खरोखरच तसे वाटत होते. चौघांनी त्याला मोठ्या अभिमानाने ती घोडी दाखवली. त्याचा प्रबंध पुरा झाला, त्यात कामगारांच्या कल्पकतेची फार स्तुती होती. त्याचे शुल्क कंपनीने भरले होते. प्रबंधाची एक प्रत कंपनीत गेली. तीन महिन्यांनी डाय बदलण्याची प्रमाणित वेळ कमी झाली आणि चौघांतल्या दोघांची दुसऱ्या खात्यात बदली झाली. पोलादी, रंग दिलेल्या नव्या घोड्या आल्या. तेव्हापासून त्या खात्यात हातात वही घेऊन आलेल्या माणसाला कोणी काही सांगत नाही. पुढचा विद्यार्थी येईल तो आपल्या प्रबंधात लिहील की, येथील कामगारांत बदलाला तीव्र विरोध आढळला.

डॉक्टर रोग्याचे गुपित फोडत नाही, वकील अशिलाचे फोडत नाही. मग ह्या विद्येच्या विद्यार्थ्यावर हे बंधन का नको? मागणे साधे आहे. ज्या कामगारांशी बोलून प्रबंध लिहिला, त्यांना तो आधी त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. न्यू ब्रिटनच्या त्या बाईप्रमाणे त्यांना "हे असे नाही" म्हणता यावे. आणि अभ्यासासाठी सांगितलेली गोष्ट कामाचा बोजा वाढवायला वापरायची असेल, तर आधी त्यांच्याशी करार व्हावा. विद्यापीठाने एवढी अट घातली तर आमची माणसे पुन्हा बोलू लागतील, आणि प्रबंधही आजच्याहून खरे होतील.

दुसरे मागणे तुकडीतल्या अर्ध्या जागांचे. तिथे लगेच प्रश्न येतो पात्रतेचा. पदवी कुठे आहे? आपल्याच राज्यात १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले ते शाळा सुटलेल्यांनाही पदवीपर्यंत नेण्यासाठी. ती वाट आहे. लांब आहे पण आहे. तरी बॅमफोर्थच्या अठरा वर्षांना टॅव्हिस्टॉकने मोजले, तसे आपण का मोजू नये? वीस वर्षांत चार साहेब, तीन यंत्रे आणि दोन मालक बदललेले पाहिलेला माणूस बदल ह्या विषयात निरक्षर नसतो.

हे मागताना आमच्या घराकडेही पाहायला हवे. युनियन हीसुद्धा एक संस्थाच आहे, आणि बदलाला तिचाही विरोध असतो. कारखान्यात निम्म्याहून अधिक माणसे कंत्राटी झाली तरी कित्येक युनियनांच्या घटनेत त्यांना सभासद होण्याची सोय नाही. बायका कामाला आल्या, कमिटीत आल्या नाहीत. वीस-वीस वर्षे एकच अध्यक्ष असतो आणि तो गेला की युनियन जाते. साहेबांच्या बदलाची शंभर व्यंगे आम्हाला दिसतात. आपली रीत कशी बदलावी ह्याचे ज्ञान आम्हालाही कोणीतरी दिले पाहिजे. १९५८ पासून आपल्या देशात कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ आहे. त्याच्या वर्गांनी पुष्कळांना कायदा शिकवला, हिशेब शिकवला. बदलाचे हे शास्त्रही तिथे आणि आमच्या कार्यालयांत यायला हवे.

एका विद्वान मित्राने मला विचारले, "अहो, तुमच्या कामगाराला ही पदवी मिळाली की तो साहेब होईल. मग तुमचे काय राहिले?" काही होतील. का होऊ नयेत? पगार कोणाला नको आहे? पण जो गेला तो डाय कशी सरकते हे ठाऊक असलेला साहेब होईल, आणि जो राहिला तो ताळेबंद वाचता येणारा कामगार होईल. वाटाघाटीत मला दोघेही चालतील. ज्याला दोन्हींतले काहीच येत नाही, त्याच्यासमोर बसण्यात रात्री जातात.

येथील महाविद्यालयाचे काही प्राध्यापक पुढच्या रांगेत दिसत आहेत. पदवी, विद्यापीठाची मान्यता वगैरेला वेळ लागेल हे मी समजतो. तोवर सहा महिन्यांचा एक वर्ग काढता येईल. गुरुवारी सकाळी दहा ते एक, म्हणजे सुटीच्या दिवशी. रातपाळीच्या आठवड्यात जो चुकेल त्याच्यासाठी तोच धडा पुढच्या गुरुवारी पुन्हा. निम्मे विद्यार्थी कारखान्यातले अधिकारी, निम्मे कामगार, आणि त्यांत निदान चार-पाच कंत्राटी. आमच्या कार्यालयात चाळीस माणसे बसतील एवढी बाके आहेत, पंखे आहेत, खाली चहावाला आहे. फळा मात्र महाविद्यालयाला आणावा लागेल.